बहिणीच्या गालावरचे वण

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी एक जुनी विलायती तसबीर, वय अडीचशेच्या घरात. सध्या माझ्या डाव्या गालाला लोखंडी गेटच्या रंगाचा उग्र वास येतो आणि मला स्वतःचीच शिसारी येते.

इंग्लंडातल्या एका चित्रकाराने आपल्या थोरल्या बहिणीला समोर बसवून मला रंगवलं. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. गालभर वण राहिले होते. भावाने ते झाकायला घेतले, तेव्हा ती म्हणाली, "मग माझ्या जागी ही कोण बसवलीस?" तो ओशाळला. ओला रंग पुसून त्याने एकेक वण मन लावून रंगवला.

पुढे त्यांच्या घराण्यातला एक साहेब मला बोटीने इकडे घेऊन आला. त्याच्यामागे मी पुण्यातल्या एका क्लबात होते. तिथे निदान कोरड्या फडक्याने माझी धूळ पुसत. क्लबाने जुनं सामान विकायला काढलं आणि शेखररावांनी मला मुळशी धरणाच्या काठी, त्यांच्या रिसॉर्टवर आणून जेवणाच्या हॉलमध्ये टांगलं.

त्या हॉलचं काय सांगू? तंदूरचा धूर माझ्या कपाळावर चिकटून बसला. पाहुणे रश्श्याने बरबटलेली बोटं माझ्या चौकटीला पुसत. एकाने तर तोंडातलं चुइंगम काढून माझ्या हातावर चिकटवलं आणि त्याचे सोबती खिदळले.

मग एका लग्नाच्या फोटोवाल्याने नाक मुरडलं. "सर, मागे ही बाई चालेल, पण तिचा फेस खराब आहे."

शेखररावांनी गेट रंगवणाऱ्याला आत बोलावलं. "हे डाग बुजव. गाल गुलाबी कर."

तो थंड, चिकट ब्रश गालावरून फिरला आणि माझा डावा गाल दिसेनासा झाला. तेवढ्यात जवळच्या माले गावातून स्वयंपाकाला येणाऱ्या सगुणाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"थांब रं. ते डाग न्हाईत, देवीचे वण हायेत."

"तेच बुजवतोय, सगुणाबाई," शेखरराव म्हणाले. "जेवताना लोकांना किळस येते."

"माज्या आयचं तोंड असंच हुतं. लोकांना किळस यायची, म्हनून ती कदी फोटूला बसली न्हाई. आता तिचं तोंड आठवाया जाते, तर आठवत न्हाई."

रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला. सगुणाबाईंनी स्वच्छ फडक्याने माझा गाल हलकेच टिपला. थोडा रंग निघाला, थोडा वणांत तसाच राहिला.

"मग घेऊन जा ती घरी," शेखरराव वैतागून म्हणाले. "मला हॉलमध्ये नको."

"नेते की," त्या म्हणाल्या.

आता मी मालेत त्यांच्या घरी आहे. पहिल्याच दिवशी नातीने, जुईलीने विचारलं, "आज्जे, तुझी आई अशी होती?"

"अशी गोरी न्हवती," सगुणाबाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या उजव्या गालाजवळ बोट नेलं. "पण हितं अशीच हुती."

मित्रांनो, जुन्या तसबिरी साफ करायच्या तर जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. आणि कुणाचा चेहरा आपल्या आवडीचा करायला ब्रश उचलाल, तर आधी हात धुऊन या. तेवढ्या वेळात कदाचित तुमचा विचार बदलेल.