पेंटरांची अक्षरं

कर्जतच्या बसस्टँडजवळ दिशाचं फ्लेक्सचं दुकान आहे. तिचे सासरे हनुमंत पेंटर कुस्त्यांच्या जाहिराती भिंतींवर रंगवायचे. जाड दांड्यांची अक्षरं, दांडीच्या टोकाला चौकोनी ठोकळा; पार रस्त्यापलीकडून वाचता यायची. ते गेल्यावर दिशाने भिंतींचे फोटो काढून त्या अक्षरांचा फॉन्ट बनवला आणि मागेल त्याला दिला.

वर्षश्राद्धाचा फ्लेक्सही तिने त्यातच केला. तो बघून सासूबाई भागूबाई थबकल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"ह्ये त्यांनीच लिव्हलंय."

"आत्या, कॉम्प्युटरवर मी केलंय."

"केलं असशील. पर हात त्यांचा हाय."

तेव्हापासून त्या बाजारात खाली मान घालून चालू लागल्या. साड्यांच्या सेलवर, दवाखान्याच्या पाटीवर, उसाच्या ट्रॉलीमागे त्यांना पेंटर दिसायचे. दिशा घाबरली. तिने आपल्या कॉम्प्युटरवरून फॉन्ट पुसून टाकला.

"आत्या, आता नव्या पाट्यांवर ते नाही दिसणार."

"मग मी बाजारात कशाला जाऊ?" भागूबाई हळूच म्हणाल्या.

त्याच दुपारी समोरच्या दुकानावर नवा बोर्ड चढला. अक्षरं तीच होती. भागूबाई रस्ता ओलांडून त्याच्याखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि कुणाशी तरी बोलू लागल्या. त्यांना हाक मारायला दिशाचा धीर झाला नाही.