अर्ध्या कोर्टाची रॅकेट

मित्रांनो, मी टेनिसची एक जुनी रॅकेट. सध्या माझा मुक्काम वेल्हे तालुक्यातल्या पासली गावात, हनुमंतकाकांच्या पडवीत एका खुंटीवर आहे. माझी जाळी सैल झाली आहे आणि मूठ उंदरांनी कुरतडली आहे, पण त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मला पाच वर्षांपूर्वी एक धक्का बसला, त्यातून मी अजून सावरलेले नाही. कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

तसे धक्के मी जन्मापासूनच खात आले. माझी जाळी मेंढीच्या आतड्याच्या तातीने विणलेली आहे, ही गोष्ट मला जालंधरच्या कारखान्यात शेजारच्या रॅकेटीने अगदी सहज सांगितली. दोन दिवस मला काही सुचेना. मग १९९४ साली मला भोरच्या जुन्या क्लबात आणलं. हिरव्यागार गवतावर खेळायचं, अशी स्वप्नं बघत मी खोक्यातून बाहेर आले, तर समोर साळूबाई पाटीभर शेण घेऊन उभी! क्लबात एकच कोर्ट, आणि ते शेणाने सारवायचे. एवढी नटूनथटून आलेली मी, आणि नशिबी काय, तर शेण! आठवडाभर मी रुसून होते. पण खरं सांगायचं, तर त्या सारवलेल्या जमिनीवरून चेंडू इतका सरळ उसळायचा की माझी बोलतीच बंद झाली.

क्लबाचं सगळं काम मन्सूरभाई बघायचे. चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळं ताणायचं आणि सभासदांना खेळवायचं. त्यांची मुलगी नुजहत बारा वर्षांची होती. मी तिची झाले. तिची मैत्रीण शिवानी पासलीची. शाळेसाठी ती भोरला मावशीकडे राहायची. दोघींना खेळायला मिळायचं, पण एका अटीवर. सभासदांमधले आनंदराव निवृत्त मामलेदार होते आणि त्यांचा दरारा अजून निवृत्त झालेला नव्हता. ते म्हणायचे, "दोघांनीच एवढं कोर्ट अडवायचं म्हणजे माज झाला. चौघं असाल तर खेळा."

म्हणून नुजहत आणि शिवानी एका बाजूला, दोन म्हातारे सभासद दुसऱ्या बाजूला, असा खेळ रोज चालायचा. डावी बाजू नुजहतची, उजवी शिवानीची. मधे चेंडू आला की एक "माझा!" ओरडायची, नाहीतर दुसरीला "तुझा!" म्हणायची. दोन वर्षं त्या याहून वेगळं काही खेळल्याच नाहीत.

याचा परिणाम काय झाला, ते ऐका. १९९६ साली पुण्याला मुलींची एकेरीची स्पर्धा होती. नुजहतने मला हातात घट्ट धरलं होतं. पहिला चेंडू डावीकडे आला, तो आम्ही असा मारला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचा उजवीकडे गेला. नुजहत जागची हलली नाही. तिने नुसती मान वळवून तिकडे पाहिलं. मी हादरले! अगं पळ, पळ, असं मी तिच्या मुठीत ओरडत होते, पण रॅकेटचं ऐकतो कोण? समोरच्या मुलीच्या लक्षात आलं आणि तिने सगळे चेंडू तिकडेच टाकले. आम्ही एकही गेम न घेता हरलो.

"आगं, पळाली का न्हाईस?" मन्सूरभाईंनी विचारलं.

"ती शिवानीची बाजू हाय ना, अब्बा," नुजहत म्हणाली.

आजूबाजूचे लोक पोट धरून हसले. मन्सूरभाई मात्र हसले नाहीत. बस भोरच्या जवळ आली, तेव्हा ते म्हणाले, "मंग तू दुहेरीच खेळायचं. दुसरं कायबी न्हाई."

आणि ती खरोखरच फक्त दुहेरी खेळली. सतराव्या वर्षी दोघी व्यावसायिक खेळाडू झाल्या. दिल्ली, कोलंबो, ताश्कंद, जिथे दुहेरीची स्पर्धा असेल तिथे आम्ही. जाळ्याजवळ नुजहतसारखे हात कोणाचे नव्हते. पुढे तिच्याकडे नव्या कोऱ्या रॅकेटी आल्या, तरी पिशवीत मी असायचीच. माझी तात कितीदा तुटली आणि कितीदा नवी बसवली, त्याची गणतीच नाही.

पण व्यावसायिक दुहेरीची एक रीत मला कळली आणि मी थक्क झाले. तिथे जोडी नावाचं काही कायमचं नसतंच! प्रत्येकीचा क्रमांक वेगळा. दोघींच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि बेरीज जितकी लहान, तितक्या मोठ्या स्पर्धेत शिरकाव. म्हणून बेरीज जमली नाही की खेळाडू जोडीदार बदलतात, आज ही तर उद्या ती. जाहीरपणे, हसतखेळत! भोरमध्ये असं कोणी केलं असतं तर दोन घरांचं बोलणं बंद झालं असतं.

आमच्या जोडीची बेरीज बिघडवली ती भातलावणीने. पासलीत सगळं गाव मिळून पाळीपाळीने एकेकाच्या खाचरात लावणी करतं. ज्याच्या घरातून माणूस गेलं नाही, त्याच्या खाचरात कोणी उतरत नाही. शिवानीच्या घरी वडील हनुमंतकाका आणि आई अंबूबाई दोघंच, आणि अंबूबाईंचे गुडघे गेलेले. त्यामुळे दर जुलैत शिवानी महिनाभर पासलीला जायची. तेवढे दिवस नुजहत कोणाहीबरोबर खेळायची आणि जिंकायची. असं पाच वर्षं चाललं. २००४ साली नुजहत एकशे दहावी होती आणि शिवानी तीनशेच्याही पलीकडे.

त्या जुलैत नुजहतला फोन आला. यित्का नावाची एक झेक खेळाडू विचारत होती, ऑगस्टमधल्या मोठ्या स्पर्धेत माझ्याबरोबर खेळशील का? जगातल्या सगळ्यात मोठ्या चार स्पर्धांपैकी ती एक. शिवानीबरोबर नुजहतला तिथे प्रवेश मिळणं शक्यच नव्हतं. उत्तर मंगळवारपर्यंत द्यायचं होतं.

सोमवारी आम्ही पासलीच्या एसटीत बसलो. वाटभर नुजहत ओठांतल्या ओठांत दोनच वाक्यं आळीपाळीने घोकत होती. "म्या तिला न्हाई म्हणून सांगते" हे एक, आणि "मला जाऊ दे" हे दुसरं. कोणतं बाहेर पडणार, ते तिलाही माहीत नव्हतं.

गावाची पाळी होऊन गेली होती आणि राहिलेल्या एका लहान खाचरात शिवानी आणि हनुमंतकाका गुडघाभर चिखलात होते; अंबूबाई बांधावर बसून रोपांच्या जुड्या देत होत्या. पाऊस धरलेला होता. अंबूबाईंनी मला पिशवीबाहेर डोकावताना पाहिलं, लगबगीने काढून घेतलं आणि बांधावरच्या इरल्याखाली ठेवलं. "भिजंल की गं पोरी," म्हणाल्या. मग भाकरी आणायला त्या घराकडे गेल्या. नुजहतने सलवार खोचली आणि शिवानीच्या शेजारी रोपं लावायला सुरुवात केली. अर्धं खाचर लावून झालं.

शेवटी ती म्हणाली, "शिवाने, मला यित्काचा फोन आलता. दिल्लीला व्हती बघ, उंच पोरगी..."

"ठावं हाय," शिवानी वाकल्या वाकल्याच म्हणाली. "म्याच सांगितलं तिला, नुजहतला घे म्हणून."

"तू? कवा?"

"दिल्लीतच. आता मला हे जमायचं न्हाई. तुला चांगली जोडीदारीण मिळाली म्हंजे झालं."

"आन् मला इचारलं न्हाईस?"

"त्यात काय इचारायचं?"

नुजहतचा चेहरा पांढराफटक पडला. माझीही तीच गत. दहा वर्षांची जोडी, आणि तिने परस्पर मोडली? नुजहतने हातातली जुडी चिखलात टाकली. "धा वर्सं तुझी बाजू मोकळी ठेवली म्या. लोकं हसली तरी ठेवली. आन् तू मला दुसरीला दिऊन टाकलीस?"

शिवानी रोपं लावत राहिली. नुजहत पिशवी उचलून तरातरा निघाली आणि परतीच्या एसटीत चढली. मी इरल्याखालीच राहिले. तिला माझी आठवणसुद्धा झाली नाही.

एसटी वळणाआड गेली, तेव्हा हनुमंतकाका सरळ झाले. "शिवाने, खरंच सांगितलंस त्या पोरीला?"

"न्हाई," शिवानी म्हणाली. "तिच्याशी कवा बोलले म्या? ती मला वळखतबी नसंल."

"मंग असं का म्हणलीस?"

"नुजहत मला टाकून गेली नसती, बाबा. आन् गेली असती तर जल्मभर मनाला लावून घेतलं असतं. आता रागानं जाईल. रागात ती लई ब्येस खेळती." मग ती रडायला लागली. रडता रडता तिने बापाला गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लावली, की हे कधी कोणाला सांगायचं नाही. आणि दोघं पुन्हा वाकून लावणीला लागले.

इरल्याखाली मी सुन्न होऊन पडले होते. अजूनही तशीच आहे.

नुजहत त्या स्पर्धेत तीन फेऱ्या जिंकली. हनुमंतकाकांनी पेपरातली बातमी मोठ्याने वाचली, तेव्हा शिवानी परड्यात निघून गेली. पुढे नुजहत आणखी चार वर्षं खेळली, नऊ जणींबरोबर. आता ती भोरच्या त्याच कोर्टावर मुलांना शिकवते. या पाच वर्षांत ती पासलीला आली नाही आणि शिवानी भोरला गेली नाही.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला शाळेत कोणीही सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. माणसाच्या भल्यासाठी म्हणून त्याला खोटं सांगू नका. आणि तुमच्यापैकी कोणी भोरला गेलं, तर कोर्टावर जाऊन नुजहतला एवढंच सांगा, की शिवानीने तिला कोणालाही देऊन टाकलं नव्हतं. शपथ हनुमंतकाकांनी घेतली आहे. मी घेतलेली नाही.