भाणाने पाहिलेली पेज

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. आमच्या पेडण्याकडे मला भाण म्हणतात, म्हणजे न्हाणीतल्या चुलीवर कायमचे बसवलेले, आंघोळीचे पाणी तापवायचे भांडे. डिचोलीच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. त्या ठोक्यांच्या खुणा अजून अंगावर आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. या घरातल्या तीन पिढ्या माझ्या पाण्याने न्हाल्या. नरकचतुर्दशीला मला चिंचेने घासत आणि गळ्यात झेंडूची माळ घालत. तेव्हा माझा तोरा काही औरच असे.

मग भिंतीवर एक गुबगुबीत गीझर येऊन बसला. न्हाणीकडे कोणी फिरकेना. माझ्या पोटात कोळ्याने जाळे विणले. वाईट वाटले, मित्रांनो, खोटे कशाला सांगू?

मागच्या वर्षी घरातले म्हातारे विठूबाबा तापाने पार झडले. ताप उतरला, पण भूक परतली नाही. त्यांची सून यशोदा दोन्ही वेळा पेज करून देई. असेच चालले तर इस्पितळात ठेवावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. बाबांचे मात्र एकच पालुपद.

"अळम्यांचा तोणाक केलंस, तर जेवतलंय."

अळमी म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी रानातली अळंबी. दरवर्षी बाबाच ती डोंगरावरून आणत आणि तिची मसालेदार आमटी, म्हणजे तोणाक, घरभर दरवळे. पण आता तिचा मोसम सरला होता. तेव्हा यशोदाने घरीच भाताच्या पेंढ्यावर उगवणारी धिंगरी अळंबी वाढवायचे ठरवले. त्यासाठी थंड, ओलसर, अंधारी जागा हवी. म्हणजे माझी न्हाणीच!

तिने मला घासले आणि चूल पेटवली. भाताचा पेंढा माझ्या गरम पाण्यात बुडवून ठेवला, म्हणजे त्यातले आगंतुक जंतू मरावेत. पेंढा निथळल्यावर धिंगरीचे बी घालून तिने पिशव्या भरल्या आणि माझ्या डोक्यावर टांगल्या. मी पुन्हा कामाचा झालो होतो.

पण दुपारी घर झोपले की विठूबाबा भिंत धरत न्हाणीत येत. हातात पेजेची वाटी असे. पिशव्यांची तोंडे सोडून ते ती पेज आत ओतत, पुन्हा दोरी बांधत आणि रिकामी वाटी घेऊन निघून जात. मला सगळे दिसत होते. पण भांड्याला कसली जीभ!

थोड्याच दिवसांत पिशव्यांत धिंगरीच्या पांढऱ्या धाग्यांऐवजी हिरवी बुरशी पसरली. आंबूस वास सुटला. यशोदाने पिशवी सोडली, तर आत भाताची शिते. ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. बाबा ओशाळले.

"अगो, नुसत्या सुक्या गवतार कोण जगता? तीं उपाशी रवतली म्हणान मियां माझी पेज घातलंय."

"आणि तुमी काय खाल्ल्यात?" यशोदाने विचारले.

तिचे डोळे भरून आले.

मित्रांनो, पेंढा म्हणजे साखरच, पण लांबच लांब साखळीत घट्ट गुंफलेली. तुम्हाला ती पचत नाही. धिंगरीला ना तोंड, ना पोट. ती आपला पाचक रस बाहेरच सोडते, साखळी तोडते आणि सुटी झालेली साखर शोषून घेते. हे काम सावकाशीचे असते. पेजेतले पिष्ट मात्र आयतेच मिळते, म्हणून त्याच्यावर हिरवी बुरशी आधी तुटून पडली.

यशोदाने बाबांना हे समजावले आणि नव्या पिशव्या भरल्या. आता बाबांनी माझ्याशेजारी पाटावर बसून, तिच्यादेखत पेज संपवायची, मगच पिशव्यांवर नजर टाकायची, असे ठरले. बाबा कुरकुरत; पण पिशव्या बघायच्या ओढीने वाटी रिकामी करत. पेंढा पांढराशुभ्र झाला. पिशव्या कापून पाणी शिंपडू लागल्यावर एके सकाळी धिंगरीचे घोस फुटले.

त्या दिवशी बाबा तोणाक आणि भात घेऊन न्हाणीतच जेवायला बसले. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या भांड्याला भंगारात काढू नका, हे तर सांगायचे आहेच. पण माया करताना कोणाला काय पचते ते आधी विचारा, आणि आपल्या माणसाच्या वाटीतली पेज नक्की कुठे जाते, तेही बघा.

शेवटचा घास हातात धरून बाबांनी पिशव्यांकडे एकदा पाहिले. मग तो त्यांनी स्वतःच खाल्ला.