बारदान वजा जाता

खरं सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्यावर, की तोंडच न उघडणाऱ्यावर? आमच्या शेठचं उत्तर ठरलेलं असायचं, "आधी तोलून बघा, मग ठरवा."

त्याच शेठचा मी काटा बोलतोय. पोती तोलणारा, खाली लोखंडी पाट आणि वर पितळी दांडी असलेला. दांडीवरचं वजन सरकवत न्यायचं, ती मधोमध तरंगली की आकडा वाचायचा. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, शेठनीही फारसं नाही. पण लबाडी आम्हा दोघांनाही वासावरून कळायची.

एकोणीस वर्षं मी धान्याच्या दुकानात काढली. शेठचे नियम दोन. सकाळी सरकारी शिक्क्याचं वीस किलोचं वजन ठेवून आधी माझी परीक्षा घ्यायची. आणि माल ओतून झाला की रिकामं पोतं, म्हणजे बारदान, वेगळं तोलून वजा करायचं. एकदा एक व्यापारी कुरकुरला, "अहो शेठ, सगळी पोती सारखीच. सरसकट एक किलो धरा की!"

"धरू की. पण हे एवढं एक तोलू."

ते नेमकं ओलं निघालं, अडीच किलोचं. व्यापाऱ्यानं चहा मागवला आणि हवापाण्याच्या गप्पा काढल्या.

पुढे दुकानात लाल आकडे चमकवणारा काटा आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. गिऱ्हाइकं माझ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधू लागली. मीही म्हटलं, चला, बसण्याच्या कामी तरी येतोय.

अशात दुकानात एक नर्सबाई आल्या. गिऱ्हाईक जुनं. त्यांच्या संशोधन केंद्रात दोनशे मुलांचा अभ्यास सुरू होणार होता. बाराव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत, दर सहा महिन्यांनी तीच मुलं. झोपतात किती, खातात काय, चिडतात कशावर, घरी काय लपवतात, वजन किती. मुलाचं मोठं माणूस कसं होतं, ते पाहायचं होतं.

"शेठ, बारा वर्षं टिकेल असा काटा हवाय."

शेठनी माझ्यावरची धूळ झटकली. "हा न्या, तसाच. फक्त बारदान विसरू नका."

"पोरं आहेत हो, पोती नव्हेत!"

"पोरांनाही बारदान असतंच की, सिस्टर."

बाई हसल्या आणि मला घेऊन गेल्या.

तिथं कळलं, पोतं बरं. ते आपला आकडा ऐकून लाजत नाही. तेरा वर्षांचे मुलगे माझ्यावर चढताना छाती फुगवायचे, जणू हवेनं वजन वाढतं. एक पठ्ठ्या दोन बाटल्या पाणी पिऊन आला आणि दांडी तरंगायच्या आत पळाला. मुली डोळे मिटायच्या, "सिस्टर, मोठ्यानं वाचू नका ना!" नोंदीत मुलांची नावं नव्हती, नंबर होते. आणि आकडे लिहिणाऱ्या कारकुनानं वेळ वाचवायला एक सोय काढली होती. सगळ्यांच्या कपड्यांचा सरसकट एक किलो वजा! मी मनात म्हटलं, ओलं पोतं येणार रे बाबा.

आलं. एकशे बारा नंबरची मुलगी, वय पंधरा. थंडी नसताना जाड जाकीट. पाय जड पडत होते, श्वास दमलेला. कारकुनानं वाचलं, "शेहेचाळीस. एक वजा, पंचेचाळीस. पुढचा!"

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी मुलीचं मनगट धरलं. ते त्यांच्या दोन बोटांत मावलं. "पंचेचाळीस आणि हे मनगट? बाळा, आत चल. पातळ झगा घाल. कपडे वेगळे तोलू."

"मागच्या दोन्ही वेळी असंच तोललं होतं..." ती पुटपुटली.

कपडे माझ्यावर आले. साडेसहा किलो! जाकिटाच्या अस्तरात वाळूच्या चार पिशव्या शिवलेल्या, टाके मोठे सुबक. मग ती चढली. साडेएकोणचाळीस.

कारकून हळूच म्हणाला, "म्हणजे आधीच्या दोन नोंदीही खोट्या. सगळा तक्ता बिघडेल, सिस्टर. ही वेळ जाऊ द्या."

"तक्ता बिघडू दे. पोरगी बिघडायला नको. त्या नोंदी खोडा, खोडल्याचं कारण लिहा. आणि दोनशेच्या दोनशे मुलांना परत बोलवा."

मुलगी रडकुंडीला आली. "आईला सांगू नका. जेवण बंद केलंय, हे तिला माहीत नाही. सांगितलंत तर मी परत येणार नाही!"

"पहिल्याच दिवशी ठरलं होतं ना, जिवावरचं काही असलं तर झाकायचं नाही? तू येऊ नकोस हवं तर. मी येईन तुझ्या घरी."

आई आली, तिनं वाळूच्या पिशव्या हातात घेतल्या आणि मटकन माझ्यावरच बसली. उपचार सुरू झाले. मुलगी मात्र शब्दाला पक्की निघाली, आलीच नाही. बाई तिच्या घरी जात, दारातूनच परत येत. एकशे बारासमोरची चौकट कोरी. कारकून म्हणे, "अंदाजे भरू?" बाई म्हणत, "कोरी चौकट खोटं बोलत नाही. राहू दे." अशा कोऱ्या चौकटी सहा झाल्या, तरी बाईंनी दर वेळी चिठ्ठी पाठवलीच. सातव्या खेपेला ती आली, चढली, उतरली, गेली. मग येत राहिली.

परवा शेवटची तपासणी झाली. एकशे बारा नंबरची ती मुलगी, आता चोवीस वर्षांची, दारातून आली, नोकरीवरून थेट. कुणी सांगायच्या आत बूट, जाकीट, पिशवी काढून माझ्यावर ठेवली. "आधी बारदान तोला, सिस्टर."

तीन किलो चारशे. मग ती चढली, डोळे उघडे ठेवून. दांडी तरंगली, आणि आकडा तिनंच मोठ्यानं वाचला, "त्रेपन्न!"

"त्या दिवशी तुमचा इतका राग आला होता..."

"अजून आहे?"

"थोडासा," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

आता माझा पाट गंजलाय, दांडीही सावकाश थांबते. तरी बाईंनी मला नव्या दोनशे मुलांसाठी ठेवून घेतलंय, रोज सकाळी वीस किलोची परीक्षा घेऊन. जमेल तोवर खरंच बोलेन. तुमच्याकडे एवढंच मागणं: घरात वाढत्या वयाचं मूल असेल, तर त्याचा हिशेब सरसकट धरू नका. जवळ बसा, बारदान वेगळं करा, चुकलं तर खोडा आणि खोडलेलं दिसू द्या. जिथं माहीत नाही, तिथं कोरं सोडा. पण हिशेब प्रामाणिक ठेवा.