दुसऱ्याच्या कानांचे हेडफोन

दातांची डॉक्टर असल्याने तिला सहसा कशाची किळस येत नसे. किडलेली दाढ, हिरडीतला पू, तोंडाची दुर्गंधी, सगळं ती नाक न मुरडता सहन करायची. पण त्या दिवशी खुर्चीतल्या पेशंटबाईंनी तोंड उघडण्याऐवजी तिच्याच चेहऱ्याकडे बोट दाखवलं. "डॉक्टर, कानाशी काळं काय लागलंय?"

आरशात पाहिलं तर दोन्ही कानांभोवती डाग. पुसायला गेली तर आणखी पसरले. बोटाचा वास घेतला आणि तिने नाक मुरडलं. नवऱ्याचा कलप!

रोज दवाखान्यात येण्याआधी ती इलेक्ट्रॉनिक ड्रमवर सराव करायची. पन्नाशीच्या तोंडावर लागलेला नाद. शेजाऱ्यांना रबरावरची नुसती टपटप ऐकू जाई, खरे ड्रम हेडफोनमध्ये वाजत. तेच हेडफोन नवऱ्याने आदल्या दिवशी, केसांचा कलप ओला असताना, मॅच बघायला घातले होते.

"अहो, काय हा घाणेरडेपणा!" घरी येताच ती कडाडली.

"थोडासाच लागला असेल. पुसून टाक की."

"थोडासा? हेडफोनच्या गादीत मुरलाय. कोंड्यासकट!"

तिने हेडफोन दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकले आणि नवऱ्याला तसंच गाडीत बसवून वाद्यांचं दुकान गाठलं.

काउंटरवरच्या विक्रेत्याने आपले लांब केस लालभडक रंगवले होते. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "बोला सर, काय दाखवू?"

"वाजवते मी," ती म्हणाली. "ड्रमसाठी हेडफोन हवेत. ब्लूटूथ नको, काठी आधी पडते आणि आवाज मागून येतो. लांब वायरचे दाखवा. कान पूर्ण झाकणारे, मान हलली तरी न घसरणारे."

त्याने खुंटीवरचे हेडफोन काढले, पँटला घासले आणि पुढे केले. गाद्या तुपकट चमकत होत्या. तिने पर्समधून स्पिरिटचा कापूस काढून त्यावर फिरवला. कापूस तपकिरी झाला.

विक्रेत्याचा चेहरा पडला. "मॅडम, दिवसभर लोक घालून बघतात. कुणाची तक्रार नाही."

"त्यांनी कापूस आणला नसेल."

नवरा छताकडे बघू लागला. तिने मात्र एकेक हेडफोन पुसून, श्वास रोखून कानावर चढवला आणि दुकानातल्या ड्रमवर वाजवून पाहिलं. पहिल्यात पायाच्या ड्रमचा ठोका फाटत होता. दुसऱ्याला मागून जाळी होती, त्यामुळे रबराची टपटप आत शिरत होती. तिसऱ्यात ठोका छातीत बसला, बाहेरचं जग बंद झालं. क्षणभर ती किळससुद्धा विसरली.

"हेच द्या. पण नवे, बंद खोक्यातले."

त्याने आतून खोकं आणलं. तिने तिथेच उघडलं. गादीच्या शिवणीत एक लांब केस अडकला होता.

"फॅक्टरीत पडला असेल," तो घाईने म्हणाला.

तिने केस चिमटीत धरून उजेडात नेला. लालभडक. मग तिने शांतपणे त्याच्या डोक्याकडे पाहिलं. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

"जेवणाच्या सुट्टीत जरा गाणी ऐकतो," तो पुटपुटला. "परत नीट भरून ठेवतो, मॅडम."

"विकायच्या मालावर?" तिला शिसारी आली. नवऱ्याला हसू फुटलं. तशी ती त्याच्याकडे वळली, "तुम्ही हसू नका. तुमची जात एकच!"

गलका ऐकून मालकीणबाई बाहेर आल्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी विक्रेत्याकडून गोदामातून चिकटपट्टी न सुटलेलं खोकं आणवलं. "माझ्यासमोर उघडा," त्या ओशाळून म्हणाल्या. आत प्लॅस्टिकचा कोरा वास होता. गाद्या काढून धुता येत होत्या.

घरी ती मनसोक्त वाजवत बसली. हात भरून आले तेव्हा हेडफोन उतरवले. गाद्या कोमट, ओल्या झाल्या होत्या. सहज नाकाशी नेल्या आणि तिने झटक्यात तोंड फिरवलं. स्वतःचाच घाम, पण वास दुसऱ्याच्या घामासारखाच, आंबूस.

"शी!" ती स्वतःशीच म्हणाली.

"काय झालं?" दारातून नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. आणि तुम्ही आत येऊ नका," असं म्हणून ती गाद्या सोलून काढत बेसिनकडे गेली.