दोन बोटं पाणी

“पप्पा, तुम्ही केलेलं छत कधी गळलंय का?”

निशानं हे विचारलं तेव्हा बुद्धभूषण तीन मजले चढून नुकते वर आले होते आणि धापा टाकत होते. प्रश्न तिचा नव्हताच. उजमा आणि तहरीमनं तो तिच्या गळ्यात मारला होता. नववीचा निकाल लागल्यापासून आपण कुणालाही काहीही विचारू शकतो असं निशाला वाटायला लागलं होतं, तर मैत्रिणी म्हणाल्या, “सगळ्या दुनियेला विचारतीस, एकदा तुझ्या पप्पांना विचारून दाखव.”

बुद्धभूषण कठड्याला टेकले. सतरा दिवस उकिडवं बसून त्यांचे गुडघे कामातून गेले होते.

“आजपर्यंत तरी नाय,” ते म्हणाले. “ह्याचं तीन दिवसांनी कळंल.”

त्यांचे भागीदार इलियासचाचा हसले. गॅसच्या बर्नरनं डांबरी पट्टे वितळवून चिकटवता चिकटवता त्यांची बोटं काळी पडली होती. “बेटी, तुझा बाप शादीत जातो ना, तर जेवायच्या आधी मांडवाचं छत बघतो.”

छत छावणीच्या बाजारातल्या कॉम्प्लेक्सचं होतं. खाली रामकिसनशेठचं कपड्यांचं दुकान. मागच्या पावसाळ्यात पाणी झिरपून साड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे भिजले, तेव्हापासून शेठचा कुठल्याच मिस्त्रीवर विश्वास उरला नव्हता. दुकानाला पीओपीचं सिलिंग, त्यामुळं वरून झिरपलं तरी खाली ओल दिसायला महिना जाणार. तोवर थांबायला शेठ तयार नव्हते. म्हणून परीक्षा वरच घ्यायची. टँकरचं पाणी पुरवून पुरवून वापरायचं, तर छताचे मातीच्या बांधानं चार भाग केले होते. एकेक भाग भरायचा, पाणी जिथवर आलं तिथं भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारायची आणि तीन दिवस सोडून द्यायचं. शेजारी एक भरलेली बादली. बादलीतलं जेवढं उतरंल तेवढं उन्हाचं. छतावरचं त्याहून जास्त उतरलं, तर काम फसलं.

तीन भाग पास झाले होते. सोमवारी सकाळी चौथा भरला आणि दोघांना बिडकीनला दुसरं काम बघायला निघायचं होतं.

“मी बसते की,” निशा म्हणाली.

“बस. पाणी जायच्या नळीचं बूच तेवढं कुणाला काढू देऊ नको.”

निशानं बूच डोळ्यांत तेल घालून राखलं. बुचाकडं कुणी फिरकलंसुद्धा नाही. दुपारी मागच्या बिल्डिंगच्या लागून असलेल्या गच्चीवरून लीलाबाईंनी हाक मारली.

“पोरी, नळ येऊन आठ दिवस झाले बघ. कूलर कोरडा पडलाय, सासरे तळमळायलेत. दोन बादल्या घेऊ का?”

“घ्या की मावशी. इथं तर तळं साचलंय.”

लीलाबाईंच्या मागून आणखी पाच-सहा बाया आल्या. निशानं कुणाला नाही म्हटलं नाही. उलट ओढणी कमरेला खोचून तिनं स्वतःच बादल्या कठड्यापलीकडं दिल्या आणि सहाला वॉचमन आल्यावर मोठं पुण्य केल्याच्या तोऱ्यात घरी आली. पप्पांचं एकही छत गळलेलं नाही, हे तिनं मैत्रिणींच्या ग्रुपवर तीनदा लिहिलं.

मंगळवारी दिवेलागणीला बुद्धभूषण घरी आले ते उंबऱ्यातच बसले. मम्मीनं दिलेला पाण्याचा तांब्या त्यांनी तोंडाला न लावता बाजूला ठेवला.

“बादलीतलं एक बोट उतरलं,” ते म्हणाले. “छतावरचं तीन.”

“मंग?” मम्मीनं विचारलं.

“मंग काय. शेठ म्हणाला, उद्यापासून फोडा. सगळा कोबा काढायचा, पट्टे काढायचे, पहिल्यापासून करायचं. मी सगळं छत हातानं चाचपून आलो. कुठं चुकलं तेच घावना. वय झालं असंल माझं.”

हे शेवटचं वाक्य ते अगदी सहज बोलले. तिनं मनात बादल्या मोजल्या. परत मोजल्या.

“पप्पा, छत गळत नाय. पाणी मी वाटलं. कूलरसाठी.”

मम्मीनं कपाळावर हात मारला. बुद्धभूषण तिच्याकडं वळले.

“किती?”

“चाळीसेक बादल्या.”

त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवत हिशेब केला. “दोन बोटं,” ते पुटपुटले. खांदे जरासे सैल झाले, पण तेवढंच. “तरी फोडावंच लागंल.”

“का?”

“शेठला सांगू काय? पोरीनं पाणी वाटलं? तो म्हणंल, बुद्धभूषणला धड बहाणाबी करता येईना. जाऊ दे. इलियासला फोन लावतो, छिन्न्या घेऊन ये म्हणतो.”

“अन् पोरीला राखणीला बसवलं म्हणून वर तुमचीच शोभा,” मम्मी म्हणाली. “तू गप आत जा, निशा.”

निशा आत गेली नाही. तिनं पप्पांच्या हातातला फोन काढून घेतला आणि त्यांच्यासमोर उंबऱ्यावरच बसली.

“चाचांना फोन करू नका. सकाळी शेठकडं मी जाणार. लीलाबाईला अन् त्या सगळ्या बायांना संगं नेणार, त्या सांगतील कुणी किती बादल्या नेल्या ते. मंग चौथा भाग परत भरायचा, अन् ह्या वेळी तीन दिवस मी तिथंच बसणार. पप्पा, तुम्ही घरी झोपून घ्या. मम्मी, मला दोन्ही वेळचा डबा लागंल.”