मागाच्या खड्ड्यातली पाकिटं

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे. आरमोरीकडच्या एका गावात मी अर्धा जमिनीवर आणि अर्धा खड्ड्यात उभा आहे. विणणारीने खड्ड्यात पाय सोडून माझ्या पावड्या दाबायच्या. तेवीस वर्षं ते पाय कमळाबाईचे होते. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीची नक्षी तिने कधी कागदावर उतरवली नाही. सगळे धागे तिच्या डोक्यात असत आणि ते डोकं दिवसभर माझ्यावर वाकलेलं असे. मला वाटे, ती माझीच आहे.

मग वही आली.

दोन वर्षांपूर्वी कमळाबाईच्या गालांवर लाल चट्टे उठले, बोटांचे सांधे सुजले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ल्युपस. यात शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते. मुलगी मयुरीने निळ्या पुठ्ठ्याची वही आणली.

"आई, गोळी घेतली का इथी खूण करायची. भुलायचं नाई."

तेव्हापासून सकाळी तिचा हात आधी वहीला लागे, मग मला. वहीला कव्हर घातलं गेलं. माझ्यावर धूळ बसली तरी कोणी पाहत नसे. मी जळत होतो, हे कबूल करतो.

वर्षभरात चट्टे गेले. "आता कायले गोळ्या?" असं पुटपुटत कमळाबाईने एक भरलेलं पाकीट माझ्या खड्ड्यात टाकलं आणि लेक रागावेल म्हणून वहीत रोजची खूण करत राहिली. पुढची पाकिटंही तशीच आली. मला केवढा आनंद झाला! वहीला खोटं, मला खरं.

मग तिची धाग्यांची मोजणी चुकू लागली. शेजारची रश्मी हसायची, "कमळाबाई, कोशातला किडा डोक्यात शिरला का वं?" कमळाबाईही हसायची. पण डोकं दुखायचं, रोजच्या वस्तूंची नावं आठवायची नाहीत. एका दुपारी नवरा पत्रू म्हणाला, "किनार उलटी काऊन घातली वं?"

"मले काय विचारता? यानंच सांगतलं. हा माग बोलून राह्यला माह्यासंग."

इतकी वर्षं मला हेच हवं होतं. पण मित्रांनो, मी बोललो नव्हतो. त्याच दिवशी तिला फिटचा झटका आला. डोळे फिरले, आडवा धागा नेणारा धोटा हातातून सुटला.

तिला नागपूरला नेलं. सोबत वही गेली, मी राहिलो. तिसऱ्या दिवशी पत्रू कपडे न्यायला आला आणि खड्ड्यात पाय सोडून माझ्या काठावर टेकला. तेवढ्यात मयुरीचा फोन आला.

"बाबा, डाक्टर वही पाहून म्हणून राह्यले, गोळ्या तं रोज चालू होत्या. त्यायच्यानंच डोक्यावर परिणाम झाला असंन. कमी कराव्या लागतीन म्हणते."

पत्रूने पाय हलवला. खाली काहीतरी करकरलं. तो वाकला आणि एकेक पाकीट वर काढू लागला.

"पोरी, थांबव त्याईले! गोळ्या इथीच हायेत. सात पाकिटं. एकबी फोडली नाई."

मग डॉक्टरांच्या विचाराची दिशा फिरली. मेंदूचे फोटो काढले, पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं. आधी त्वचेवर आणि सांध्यांवर उठलेला आजार उपचाराविना आता मेंदूत पोचला होता. मोठी औषधं सुरू झाली. महिन्याने कमळाबाई घरी आली.

अजून तिची गणती मध्येच तुटते. म्हणून विणलेल्या ओळीही ती आता वहीत मांडते, आणि गणती तुटली की वही माझ्यावर ठेवून कितवी ओळ ते पाहते. वहीत आता खऱ्या खुणा आहेत. मी अजूनही जळतो.

पण मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी औषध लपवत असेल आणि ते फक्त तुम्हालाच ठाऊक असेल, तर त्याचा अभिमान बाळगू नका. कोणी नेहमीच्या गोष्टी विसरू लागलं तर हसू नका, विचारा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.